काळ्या तारेचे सेतुराव

सेतुराव पहिल्यांदा माझ्या घरी आले तेव्हा त्यांनी मला नमस्कार केला नाही. दाराशी वहाणा काढल्या, सरळ आत आले, पाटावर जेवत बसलेल्या माझ्या मेहुण्याच्या पानाला वळसा घालून मधल्या खोलीतल्या मेन बोर्डापाशी गेले, आणि तिथल्या चार तारांपैकी काळ्या तारेवर उजवा हात पालथा टेकवून, डोळे मिटून उभे राहिले. तापलेल्या मुलाच्या कपाळाला आई हात लावते तसे. आम्ही सगळे गार. मेहुण्याचा घास हातातच राहिला. मग सेतुरावांनी डोळे उघडले, पंच्याला हात पुसला आणि म्हणाले, "काळी बरी आहे. आता सांगा, आपण कसे आहात?"

मी बार्शीचा माणूस. मद्रासला आलो तेव्हा अंगावरचे कपडे आणि एक टोपलीभर बल्ब, एवढंच भांडवल. जॉर्ज टाउनच्या फुटपाथवर बसून ते विकले, पुढे तिथेच दिव्यांचं दुकान काढलं. नाना तऱ्हेच्या माणसांशी घासाघीस करत मी वर आलो. माणूस दुकानाची पायरी चढला की तो किती ताणणार आणि कुठे ढिला पडणार हे मला त्याच्या चालीवरून कळतं. सेतुरावांचं काही कळलं नाही. आजही त्यांच्यावर माझा राग आहे, आणि तो का आहे हे सांगण्यासाठीच हे लिहितो आहे.

सेतुराव वायरमन होते. तंजावरकडचे मराठी. त्यांचे पूर्वज तिकडे कधी गेले हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. साठीला आलेले, काटकुळे, कपाळावर गंधाचा ठिपका, कमरेला वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, आणि वेष्टीच्या गाठीत पेचकस. त्यांचं मराठी ऐकून मला पहिल्या दिवशी वाटलं की कुणीतरी जुन्या दप्तरातून उठून बोलतंय. 'बसा' नाही, 'बैसा'. 'झालं' नाही, 'जाहलं'. 'सगळं' म्हणायचं तर 'अस्की'. मधूनच तमिळमधलं 'सरी, सरी', म्हणजे बरं बरं. माझी बायको त्यांचं बोलणं ऐकायला पदराआड हसत दारात उभी राहायची. आणि ते तिला म्हणायचे, "बाई, तुमची मराठी फार वेगळी आहे हो. कुठे शिकलात?"

कोणत्याही घरात गेले की आधी बोर्ड, मग माणसं. लग्नाला गेले तर आधी मांडवाचा बोर्ड, मग नवरी. आमच्या गल्लीतले एक म्हातारे कापडवाले वारले, तेव्हा मी सेतुरावांबरोबर समाचाराला गेलो होतो. ओसरीत बायका रडत होत्या. सेतुराव सगळ्यांना ओलांडून बोर्डापाशी गेले, हात लावला, कपाळाला आठ्या घातल्या आणि खाड्दिशी मेन ओढला. घरभर काळोख. रडणं थांबलं. त्या काळोखात पेचकस फिरल्याचा कुरकुर आवाज आला, मग दिवे आले आणि सेतुराव हात झटकत म्हणाले, "स्क्रू ढिला होता. जाहलं. आता चालू द्या."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"अहो, ती काळी तार म्हणजे तुमची कोण लागते?" बाहेर आल्यावर मी चिडून विचारलं.

"लाल, पिवळी, निळी, या तिघींत करंट येतो," ते म्हणाले. "काळीत येत नाही म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही. पण बाबूराव, पंगतीला तिघे बसलेत आणि एक बाई वाढते आहे असं समजा. एक खादाड, एक बेताचा, एक नुसता चिवडणारा. बाई आहे तोवर ज्याला जेवढं हवं तेवढं पानात पडतं. ती उठून गेली की तिघे एकमेकांच्या पानात हात घालतात. खादाड उपाशी राहतो आणि चिवडणाऱ्याचं पोट फुटतं. दिव्यांचं तसंच. एक फेज, म्हणजे या तिघींतली एक, गेली तर एका मजल्यावर अंधार. मेणबत्ती लावा, बैसा. काळी गेली तर एका मजल्यावर काजवे आणि दुसऱ्यावर स्फोट!"

'स्फोट' म्हणताना ते दोन्ही हातांची बोटं अशी फाकवत की समोरचा मागे सरकायचा.

आणखी एक खोड. संध्याकाळचे साडेपाच वाजले की सेतुराव उठायचे. काम अर्धवट असो, पानात पायस वाढलेलं असो, शिडीच्या वरच्या पायरीवर असोत, उतरायचे आणि म्हणायचे, "माझी माणसं घरी यायची वेळ जाहली." मग त्यांना कोणी थांबवू शकत नसे. तरातरा चालत तिरुवल्लिकेणीच्या बसकडे जायचे. एकदा शिडीवर चढवलेलं निम्मं झुंबर माझ्या हातात देऊन गेले. मी ते छातीशी धरून अर्धा तास उभा होतो.

महिन्यातून एकदा ते माझ्या दुकानातून बल्ब न्यायचे. एक-दोन नाही, खोकंभर. चाळीसचे, साठचे, काही अगदी बारके पंधराचे. आणि भाव करायचे नाहीत! मी मुद्दाम चढा भाव सांगायचो. गिऱ्हाइकाने निम्मा मागावा, मी छाती पिटावी, त्याने पायरी उतरावी, मी हाक मारावी, असा आमचा धंदा. सेतुराव मी सांगीन ते खिशातून काढून ठेवायचे. पहिल्यांदा मला आनंद झाला, दुसऱ्यांदा संशय आला, तिसऱ्यांदा संताप आला.

"अहो, जास्त सांगितलेत मी!" मी ओरडलो.

"ठाऊक आहे," ते शांतपणे म्हणाले. "पाच वाजून गेले. भांडायला वेळ नाही."

"घरी एवढे बल्ब लागतात कशाला? माणसं तरी किती?"

"सत्तावीस," ते म्हणाले. "दोघे गावी गेलेत."

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती कपाळाला हात लावून खालीच बसली. "सत्तावीस माणसांचा स्वयंपाक! त्या माउलीला एकदा बघायला हवं हो," ती म्हणाली. त्या वर्षी दिवाळीला तिने सत्तावीस माणसांच्या हिशेबाने बेसनाचे लाडू पाठवले. सेतुरावांनी डबा डोळ्यांना लावून घेतला. दुसऱ्या दिवशी डबा घासूनपुसून परत आला. "अस्कींनी खाल्ले. कुणी दिले ते कुणी विचारलं नाही. पण खाल्ले," असा निरोप. आम्हाला वाटलं, काय उर्मट कुटुंब आहे!

आता माझ्या रागाकडे येतो.

शेजारचा गाळा घेऊन मी दुकान वाढवलं. डाव्या भिंतीला झुंबरं, मध्ये ट्यूबलाइट, उजव्या भिंतीला उशाशी ठेवायचे नाजूक रंगीत दिवे. प्रत्येक भिंतीला एक फेज. मद्रासमध्ये असं दुकान दुसरं नव्हतं. वायरिंगचं काम सेतुरावांना सांगितलं, ते यादी घेऊन आले, आणि मी ती घासायला बसलो. लाल, पिवळ्या, निळ्या तारा जाड होत्या. काळीही तेवढीच जाड.

"ही कशाला एवढी जाड?" मी म्हटलं. "तुम्हीच सांगता की तिन्ही बाजूंना सारखे दिवे लागले तर हिच्यात करंट नसतो."

"सारखे लागले तर."

"मग सारखे लावू! जिच्यात काही वाहत नाही तिच्यासाठी मी का मोजायचं? बारीक घाला."

सेतुराव माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मी त्यांच्या आईचं वजन विचारलं. "बाबूराव, झुंबरं दाखवायची म्हणून एक भिंत पेटवाल, बाकीच्या विझवाल, तेव्हा सगळा भार हिच्यावर."

"बारीक घाला."

"नाही."

"मग निम्मी जाड."

"काळीत भाव नाही होत," ते म्हणाले, वेष्टीच्या गाठीत पेचकस खोचला आणि चालू लागले.

मी वाट बघितली. गिऱ्हाईक पायरी उतरून कोपऱ्यापर्यंत गेलं की वळतं, असा माझा वीस वर्षांचा अनुभव. सेतुराव वळले नाहीत. मला फार लागलं ते. मी पळणी नावाच्या दुसऱ्या वायरमनला बोलावलं. गरीब माणूस, नवा, मान हलवणारा. त्याने मी म्हणालो तशी काळी तार बारीक घातली.

उद्घाटनाच्या संध्याकाळी सगळा बाजार आला होता. त्यात एक हॉटेलमालक होते. समुद्राकडे मोठं हॉटेल बांधत होते, आणि त्यातल्या सगळ्या दिव्यांचं काम मला मिळायचं की नाही हे त्यांच्या त्या एका फेरीवर होतं. फुटपाथवरून वर आलेल्या माणसासाठी ती फेरी काय होती ते मी शब्दांत सांगत नाही. त्यांनी झुंबरं बघितली. "सगळी एकदम लावा," म्हणाले. मी डाव्या भिंतीची झाडून सारी बटणं दाबली. झुंबरं नीट उठून दिसावीत म्हणून मधल्या ट्यूबलाइट बंद करवल्या. उजवीकडे चार-दोन रंगीत दिवे तेवढे राहिले.

झुंबरं झळाळली. लोक 'आहा' म्हणाले. आणि त्यांचं 'आहा' संपायच्या आत झुंबरं लाल झाली. विझत्या निखाऱ्यासारखी. मी वर बघतोय तोच माझ्या पाठीमागून पांढराशुभ्र उजेड आला. ते उशाशी ठेवायचे नाजूक दिवे दुपारच्या उन्हासारखे पेटले होते! मग फट्! एक फुटला. फट्, फट्! बायका किंचाळल्या. काचा हॉटेलमालकांच्या जोड्यांवर पडल्या. आणि एकदम सगळा काळोख.

कुणीतरी टॉर्च लावली. मेन बोर्डापाशी, खटक्यावर हात ठेवून, सेतुराव उभे.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. साडेसहा वाजून गेले होते. जो माणूस साडेपाचनंतर पायसाच्या वाटीसाठी थांबत नाही तो साडेसहाला, न बोलावता, माझ्या बोर्डापाशी! मी जाऊन त्यांच्या अंगावरचं उपरणं धरलं.

"तुम्ही केलंत हे!"

"मेन मी ओढला," सेतुराव म्हणाले.

"काम दिलं नाही म्हणून सूड घेता? पिसाट माणूस! सगळ्यांसमोर सांगा, तुम्ही केलंत की नाही?"

त्यांनी एकदा पळणीकडे बघितलं. तो भिंतीला चिकटून उभा होता. एकदा हॉटेलमालकांकडे बघितलं. मग म्हणाले, "सरी, सरी. मीच. आता जातो. माझी माणसं घरी येऊन बैसली असतील." आणि गर्दीतून वाट काढत गेले. इतक्या जोरात चालताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. जवळजवळ धावतच होते.

हॉटेलमालक भले गृहस्थ निघाले. "प्रत्येक धंद्यात एक वेडा असतोच," असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. काम मला मिळालं.

सेतुरावांना मात्र मी सोडलं नाही. तीन महिने मी जॉर्ज टाउनभर सांगत फिरलो, या माणसाला बोर्डाजवळ उभा करू नका. लोकांनी माझं ऐकलं. मी ओरडून बोलतो, आणि ओरडून बोललेलं लोकांना खरं वाटतं. सेतुराव बल्ब न्यायला आले नाहीत. मला वाटलं, चोराला तोंड दाखवायला जागा नाही.

मग एक दिवस दुकानाचा माळा साफ करताना मला वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक भेंडोळं सापडलं. काळी तार. बारीक. मध्येच तुटलेली, टोकं वितळून गोळा झालेली. मी शिडी लावून छतापाशी बघितलं. तिथे नवी काळी तार होती. जाड. लाल-पिवळी-निळीच्या तोडीस तोड.

मी पळणीला बोलावलं. तार त्याच्यापुढे टाकली. तो रडायलाच लागला.

"सार, तुम्ही बारीक म्हणालात, मी बारीक घातली," तो म्हणाला. सरला तो सार म्हणायचा. "त्या दिवशी दुपारी सेतुराव सार आले होते. हात लावून म्हणाले, ही संध्याकाळपर्यंत टिकायची नाही. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही ओरडाल. म्हणून म्हणाले, मीच बोर्डापाशी उभा राहतो, काळी सुटली की मेन ओढतो. नाहीतर सार, उजवीकडचा एक दिवा राहिला नसता, आगही लागली असती."

"आणि ही जाड तार?"

"दुसऱ्या दिवशी तुम्ही जेवायला गेलात तेव्हा त्यांनी येऊन घातली. स्वतःची आणली होती."

"मग तेव्हा तोंड का शिवलंस? त्यांनी का शिवलं?"

पळणीने डोळे पुसले. "म्हणाले, दिवे विकणाऱ्याच्या दुकानातली तार कच्ची होती हे त्या हॉटेलवाल्यांपुढे निघालं तर बाबूरावांकडून कोण दिवा घेईल? आणि तुला पुढे कोण काम देईल? मी काय, म्हातारा. माझ्यावर जाऊ दे."

मी स्टुलावर बसलो. मला शरम वाटली की राग येतो, हा माझा जुना दोष. तीन महिने मी त्या माणसाला चोर म्हणत फिरलो, आणि त्याने मला फिरू दिलं! मी नको म्हटलेली तार माझ्याच छताला लावली, माझ्याच पाठीमागे! हा काय व्यवहार झाला? मी तसाच उठलो. बायकोने घाईघाईने लाडवांचा डबा हातात दिला. "त्या सत्तावीस जणांना," ती म्हणाली.

पळणीने सांगितलेल्या तिरुवल्लिकेणीतल्या पत्त्यावर घर नव्हतं. तीन मजली मॅन्शन होती, बाहेरगावच्या एकट्या पुरुषांना खोल्या देणारी. खाली जेवणाची मेस. दिवेलागण होत होती.

"सेतुरावांचं कुटुंब कुठल्या मजल्यावर?" मी दाराशी बसलेल्या माणसाला विचारलं.

"कुटुंब?" तो हसला. "इथे बाई फक्त कॅलेंडरवर. तो जिन्याखालचा दिवेवाला वेडा ना? तो त्या खोलीत."

जिन्याखालची खोली म्हणजे खोली नव्हतीच. सगळ्या इमारतीचा मेन बोर्ड, एक चटई, पाण्याचा कुजा. आणि भिंतीवर फळी ठोकून त्यावर बल्बच्या तीन रांगा, प्रत्येक बल्बला वेगळं बटण. आत भट्टीसारखं गरम. सेतुराव उघड्या अंगाने घामाने निथळत त्या रांगांसमोर बसले होते, पेटीवाला पेटीसमोर बसतो तसे. मला बघून उठले नाहीत. "बैसा, बैसा. बोलू नका," म्हणाले.

वरच्या फळीवर तीन बल्ब सतत जळत होते, शेजारी शेजारी. त्यांतला मधला जरा मंद झाला. सेतुरावांनी लगेच पहिल्या आणि तिसऱ्या रांगेतलं एकेक बटण दाबलं. तिन्ही पुन्हा सारखे.

"दुसऱ्या मजल्यावरचा बँकेतला आला," ते पुटपुटले. "आज लवकर आला."

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागला. "काळी?" मी विचारलं.

"आत सडली आहे. त्या मेसच्या भिंतीतल्या नळीतून येते. कधी लागते, कधी सुटते. मालक म्हणतो, भिंतीला नव्या फरशा लावल्यात, एक फरशी फोडू देणार नाही. फुकट करतो म्हटलं, तरी नाही." त्यांनी पुन्हा एक बटण दाबलं. "तिन्ही मजल्यांवर भार सारखा असला की काळी नसली तरी चालते. वरती दिवा लागला की मी इकडे लावतो. विझला की विझवतो. झोपेपर्यंत तेवढंच काम."

"किती वर्षं?"

"चार."

"वरच्यांना माहीत आहे?"

"काय म्हणून सांगायचं? भिऊन खोली सोडतील. स्वस्त खोली आहे. पोरं गरीब आहेत." तिसरा बल्ब किंचित तेजाळला, त्यांची बोटं बटणांकडे गेली. "वरच्या मजल्यावर नऊ नंबरच्याने दिवा मालवला. परवापासून लवकर मालवतो. अंगात ताप असेल. सकाळी दाराशी कषाय, काढा हो, ठेवीन."

लाडू कुणी दिले ते कुणी का विचारलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. सत्तावीस जणांच्या दाराशी त्यांनी ते कागदात बांधून ठेवले होते.

"आणि माझ्या उद्घाटनाच्या दिवशी?" मी कसंबसं विचारलं.

"त्या दिवशी या बटणांपाशी कुणी नव्हतं," ते म्हणाले. "दोन बल्ब गेले. आणि अकरा नंबरच्या पोराचा रेडिओ. मी दुरुस्त करून दिला. आधीसारखा वाजत नाही."

"मग तुम्ही आलात कशाला माझ्याकडे? ही सत्तावीस माणसं सोडून?"

सेतुरावांनी पहिल्यांदा रांगांवरून नजर काढली. "ही माणसं मला ओळखत नाहीत, बाबूराव. तुम्ही ओळखता."

मी डबा तिथे ठेवला आणि ओरडलो, ओरडण्यावाचून मला दुसरं काही येत नाही, "उद्या मी त्या मालकाकडे जातो!"

आणि गेलो. मालक घट्ट होता. पण मी बार्शीचा. फरशीला हात लावायचा नाही म्हणाला, मी नव्या फरशा कबूल केल्या. धूळ उडेल म्हणाला, मी मेसला एक दिवस सुट्टी देववली. मग त्याला फाटकावर शोभेचा दिवा हवा झाला. मी छाती पिटली, तीनदा पायरी उतरलो, आणि चौथ्यांदा, आयुष्यात पहिल्यांदा, हाक न येताच वळून परत आलो. दिवा दिला. पळणीने भिंत फोडली, जाड काळी तार घातली, भिंत मिटवली. माझ्या दुकानाच्या पायरीवर उभा राहून मी सगळ्या बाजाराला ओरडून सांगितलं की उद्घाटनाच्या दिवशी चूक माझी होती. गिऱ्हाइकं तुटली नाहीत. उलट लोक म्हणाले, याची तार आता नक्की जाड असणार.

माझ्या मते सगळं फिटलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता सेतुराव दुकानात आले. सात वाजता! मी घड्याळाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. ते स्टुलावर बसले. अंगावर इस्त्रीचा सदरा होता. हात मांडीवर, बोटं मधूनच हलत होती.

"कशी आहे काळी?" मी उत्साहाने विचारलं.

"थंड. एकदम थंड," ते म्हणाले. "छान काम जाहलं." मग म्हणाले, "आता कुणी दिवा लावो, कुणी मालवो, फळीवरचे तीन बल्ब हलत नाहीत. काल दोन तास बघत बैसलो. नऊ नंबरचा आला की नाही, कळलंच नाही."

एवढा मोठा धक्का मला त्या फुटलेल्या दिव्यांनी दिला नव्हता. वीस वर्षं मी सौदे करतो आहे. पण एका माणसाची सत्तावीस माणसं एका दुपारी काढून घेतली, आणि वर मालकाला फाटकाचा दिवाही दिला, असा सौदा मी कधी केला नव्हता.

आता मी काय करतो ते कुणाला सांगू नका. रोज संध्याकाळी सातच्या सुमाराला मी डाव्या भिंतीची झुंबरं लावतो आणि बाकीच्या दोन भिंती विझवून ठेवतो. सेतुराव येतात. वहाणा काढतात, बोर्डापाशी जातात, काळीवर पालथा हात टेकतात आणि डोळे मिटतात. मग गरकन वळून माझ्यावर ओरडतात. "तापली आहे! किती वेळा सांगू, बाबूराव? तुम्हाला अक्कल कधी येणार?" मग स्वतः एकेक बटण दाबत मध्ये लावतात, उजवीकडे लावतात, मागे सरकून तिन्ही भिंती डोळे बारीक करून बघतात, पुन्हा एक विझवतात. अर्धा तास जातो. मी, ज्याने कुणाचं ऐकून घेतलं नाही तो, खाली मान घालून ऐकून घेतो आणि दोन कापी, म्हणजे इकडची कॉफी, मागवतो.

एवढी जाड तार एवढ्याशा भाराने तापत नाही, हे मला माहीत आहे. त्यांना तर ते माझ्याआधी माहीत आहे.